साडेतेरा दात

तिकिटं विकायला काढलीत असं मी समोरच्या दारातल्या बाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "कुठल्या बसची?" बावीस वर्षं आम्ही एकाच जिन्यानं चढतो-उतरतो आणि यांना माझी एवढीच माहिती. मी म्हटलं, "सर्कशीची," आणि दार लावून घेतलं.

पोस्टाची तिकिटं. अकरा अल्बम, पन्नास वर्षांचे. महिनाअखेरीस मी ही जागा सोडून वृद्धाश्रमात राहायला जाणार होतो. तिथं एक पलंग, एक खुर्ची आणि एक कपाट मिळतं. कपाट मी उघडून पाहून आलो होतो. त्यात माझे कपडे मावले असते, शब्दकोश मावला असता, मला घडी घालून ठेवलं असतं तर मीही मावलो असतो, पण अकरा अल्बम काही मावले नसते. तिथल्या व्यवस्थापक बाईंनी अर्ज भरताना विचारलं, "काही कमीजास्त झालं तर कुणाला कळवायचं?"

"कुणालाच नाही."

"कुणीतरी असेल ना, काका?"

"एक बहीण आहे. थोरली. पण आमचं बोलणं नाही."

बाईंनी अर्जावर 'बहिण' असं लिहिलं. माझ्याकडून अक्षर उलटं दिसत होतं, पण उलटी अक्षरं वाचण्यात माझा जन्म गेला आहे. "ही दीर्घ," मी म्हटलं. त्यांनी निमूटपणे ही दीर्घ केली आणि पुढची फोन नंबरची जागा कोरी सोडली.

छापखान्यात मी छत्तीस वर्षं मुद्रितशोधक होतो. लोकांच्या चुका काढायच्या आणि वर पगार घ्यायचा, असं सुख दुसऱ्या कुठल्या धंद्यात नाही. माझ्यामागे सगळे मला 'अनुस्वार' म्हणायचे, कारण मी प्रत्येकाच्या डोक्यावर बसायचो. मला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. लग्न केलं नाही. दोन-तीन स्थळं आली होती, पण पत्रिकेच्या मसुद्यातच मला इतक्या चुका सापडल्या की पुढं जायची इच्छाच राहिली नाही. हे मी गमतीनं सांगायचो. आता सांगायला समोर कुणी नसतं, त्यामुळं गंमत उरलेली नाही.

तिकिटं रद्दीच्या भावानं देऊन टाकता आली असती. पण मला एकेक पान उघडून रीतसर पारख करणारा माणूस हवा होता. पैशांसाठी नव्हे. सातव्या अल्बममध्ये एक तिकीट होतं, आणि ते बघून जाणकार माणसानं एवढंच म्हणावं अशी माझी इच्छा होती, की "काका, हे कुणीतरी बदललंय." त्या एका वाक्यासाठी मी नऊ वर्षं थांबलो होतो. माझी बाजू खरी होती, आणि ती खरी असल्याचं माझ्याखेरीज कुणीतरी मोठ्यानं बोलायला हवं होतं.

झालं होतं ते असं.

दाजी, म्हणजे ताईचे यजमान, पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. आडदांड माणूस, नखांत कायम रंग, आणि शुद्धलेखनाच्या नावानं आनंद. दर रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला जायचो. पानं वाढायच्या आधी दाजी खडूनं आखलेल्या पाट्या भिंतीला टेकवून ठेवत आणि म्हणत, "चला साहेब, काय काय मारायचंय ते मारा." मी मारायचो. 'दुध' चं 'दूध' करायचो, 'विज' ची 'वीज' करायचो. ते एका शब्दानं वाद घालत नसत. फडक्यानं पुसत, पुन्हा लिहीत, आणि पुढच्या रविवारी तीच चूक पुन्हा करत. ताई म्हणायची, "मुद्दाम करतात ते. तुला बरं वाटावं म्हणून." तेव्हा मला ती थट्टा वाटायची.

दाजींना तिकिटांतलं ओ की ठो कळत नसे, पण चित्रं आवडायची. माझ्याकडे एक निळ्या जहाजाचं तिकीट होतं. ते माझ्या संग्रहातलं मानाचं पान. तिकिटाच्या कडेला दात असतात, ते दोन सेंटिमीटरच्या अंतरात किती बसतात हे मोजायचं असतं. चित्र तेच, रंग तोच, पण दात वेगळे असले की तिकीट वेगळं. हे जहाज बहुतेक साडेतेरा दातांचं निघतं आणि ते पैशाला पासरी मिळतं. पण मधे काही महिने ते दुसऱ्या यंत्रावर छापलं गेलं, त्याला चौदा दात आहेत, आणि ते जन्मात एकदा दिसलं तरी नशीब. माझं चौदाचं होतं. स्वस्तातल्या पुडीतून निघालं होतं. मी स्वतः मोजलं होतं, तीन वेळा, आणि खाली पेन्सिलीनं 'चौदा' असं अक्षरी लिहून ठेवलं होतं.

दाजींना त्यातला निळा हवा होता. "असला निळा मला आजवर जमला नाही," ते म्हणाले. "एक आठवडा दे. समोर ठेवून रंग कालवतो आणि जसंच्या तसं परत देतो." मी कुणालाही तिकीट हातात धरू देत नसे. दाजींना दिलं. यावरून काय ते समजा.

पुढच्या रविवारी त्यांनी ते पाकिटात घालून परत दिलं, आणि बरोबर कागदात गुंडाळलेली एक वस्तू दिली. दात मोजायची पोलादी पट्टी होती. नवी कोरी, चकचकीत. कुठून तरी चौकशी करून, दुकान शोधून त्यांनी ती माझ्यासाठी आणली होती. "तुझी ती कागदाची पट्टी पार विटली रे," म्हणाले. मला इतका आनंद झाला की तिथंच, त्यांच्या जेवणाच्या टेबलावर, मी जहाज त्या पट्टीवर ठेवलं.

साडेतेरा.

पुन्हा ठेवलं. वरची कड, खालची कड. साडेतेरा.

"दाजी, हे माझं तिकीट नाही."

ते हसले. त्यांना वाटलं मी काही विनोद करतोय.

"दात काय काढताय? दात मोजा इथले. माझं चौदाचं होतं. हे साडेतेराचं आहे. कुणाला विकलंत माझं?"

आतून ताई ओल्या हातानं बाहेर आली. "काय झालं?"

"विचार तुझ्या नवऱ्याला."

दाजींचा चेहरा मला अजून दिसतो. राग नव्हता त्यावर. पाटीवर मी चूक काढली की जसा व्हायचा तसाच झाला होता, नेमकं कुठं चुकलं ते शोधत असल्यासारखा. "मी नाही बदललं रे," एवढंच म्हणाले.

मी तिकीट खिशात घातलं, पट्टी टेबलावरच टाकली आणि न जेवता निघालो. ताई फाटकापर्यंत अनवाणी आली. तिला सांगितलं, "त्यांनी कबूल करावं. मग मी येईन." नंतर तिचे दोन फोन आले. दोन्ही वेळा मी पहिलाच प्रश्न विचारला, "कबूल केलं का?" आणि ती गप्प राहिली तसा रिसीव्हर ठेवून दिला. तिसरा फोन आला नाही. तिच्या मनात काय होतं कोण जाणे, पण माझा दाजींवर दात होता तो होताच, आणि मी तो नीट जपला.

चार वर्षांपूर्वी दाजी गेले. मला पेपरात वाचून कळलं. चौकटीत दोन ओळी होत्या, 'दिर्घ आजाराने निधन.' दीर्घ या शब्दातलाच दी ऱ्हस्व. मी पेन्सिल घेतली, चूक दुरुस्त केली, पेपराची घडी घातली आणि ठेवून दिला. गेलो नाही. हे मी केलं, लपवण्यात अर्थ नाही. त्या रात्री जेवण गेलं नाही, पण गेलो मात्र नाही. मेलेल्या माणसाकडून कबुली मिळत नाही, त्यामुळं प्रकरण कायमचं उघडं राहिलं. रविवार आले की मी अल्बम काढून बसायचो आणि सातवा अल्बम सोडून बाकीचे चाळायचो. नवं तिकीट त्यानंतर मी एकही घेतलं नाही.

तर पारख करायला बोलावलेला तिकिटांचा व्यापारी सकाळी दहाला आला. चाळिशीचा, बारीक, बोलायला मऊ. बसण्याआधी त्यानं हात धुवायला जागा विचारली आणि हात पूर्ण कोरडे होईपर्यंत खुर्चीला शिवला नाही. इथं मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. मग त्यानं पेटीतून चिमटा, भिंग, काळी थाळी आणि पोलादी पट्टी काढून ओळीनं मांडली आणि पहिला अल्बम पुढ्यात ओढला.

त्यानं पानं ज्या वेगानं उलटली ते बघून माझं डोकं फिरलं. "पानं बघताय की पत्ते पिसताय?"

"बघतोय, काका. सवय आहे." जिथं काही घेण्याजोगं असेल तिथं तो पांढरी चिठ्ठी ठेवत होता. पहिल्या तीन अल्बममध्ये मिळून दोन चिठ्ठ्या लागल्या. मी चहा ठेवला. चौथ्यात एकही नाही. पाचव्याला तो म्हणाला, "अक्षर मात्र फार सुंदर आहे हो तुमचं."

पारख करणारा माणूस अक्षराची स्तुती करायला लागला की मालाचं काय ते समजून जावं. पण माझं तिकडं लक्षच नव्हतं. मी सातव्याची वाट बघत होतो. परीक्षेच्या निकालाची बघावी तशी, फक्त मला निकाल माहीत होता.

सहाव्या अल्बममध्ये तो थांबला. भिंग काढलं. एक तिकीट चिमट्यानं उचलून पट्टीवर ठेवलं, माझा पेन्सिलीचा आकडा बघितला, दुसरं उचललं, तिसरं उचललं. मग मागं जाऊन पाचव्या अल्बममधली चार-पाच तपासली.

"काका, हे दात कुणी मोजले?"

"मी. दुसरं कोण मोजणार?"

"इथं तुम्ही साडेबारा लिहिलंय. ही मालिका साडेबारामध्ये छापलेलीच नाही. सगळी बाराची आहे."

"तिकिटांच्या कॅटलॉगात बारा आहे, मला माहीत आहे," मी म्हटलं. "तो छपाईचा दोष आहे. पानोपानी आहे. वाचनालयातल्या प्रतीत मी लाल शाईनं दुरुस्त करून ठेवलंय. प्रकाशकाला पत्रही टाकलं होतं." पत्राला उत्तर आलं नव्हतं, आणि ते लाजेनं गप्प बसले असणार असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. ते मात्र त्याला सांगितलं नाही.

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. "तुमचे सगळेच आकडे अर्ध्यानं जास्त आहेत," तो हळूच म्हणाला. "सगळ्या अल्बममध्ये. मोजायला पट्टी कुठली वापरलीत?"

पट्टी पहिल्या अल्बमच्या आतल्या कप्प्यात होती. त्याच कॅटलॉगच्या शेवटच्या पानावर ती छापलेली होती, आणि तो कॅटलॉग घरी देत नसत. म्हणून मी कोपऱ्यावरच्या दुकानातून त्या पानाची झेरॉक्स काढून आणली होती आणि पुठ्ठ्यावर चिकटवली होती. सतत हाताळून ती पिवळी पडली होती. त्यानं ती हातात घेतली, खिशातून साधी मोजपट्टी काढून तिच्यावर ठेवली आणि माझ्याकडे सरकवली.

"बघा. हे अंतर वीस मिलिमीटर हवं."

मी भिंगातून बघितलं. वीसच्या पुढं गेलं होतं. पावणेएकवीस.

"जुनी झेरॉक्स यंत्रं मुळापेक्षा एवढीशी मोठी प्रत काढायची," तो म्हणाला. "कागद बघून कळत नाही. पण अंतर वाढलं की तेवढ्यात दात जास्त बसतात. साडेतेराचं चौदा दिसतं. होतं असं, काका. बऱ्याच जणांचं झालंय."

मी उठून सातवा अल्बम उघडला. जहाज बाहेर काढलं. त्यानं ते चिमट्यात घेतलं. आधी माझ्या कागदाच्या पट्टीवर ठेवलं. चौदा. मग पोलादी पट्टीवर ठेवलं. साडेतेरा. तेच तिकीट, तेच टेबल, मधे पळभरही ते नजरेआड झालेलं नाही.

"हे साधंच आहे," तो म्हणाला. "पहिल्यापासून साधंच."

मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही, पण आधी शरम नाही वाटली. आधी वाटलं, चुकलं कसं? छत्तीस वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या मजकुरात चूक राहिली नव्हती. आणि इथं मी एकदाही दुसरं प्रूफ काढलं नव्हतं. ती पोलादी पट्टी मी आयुष्यात एकदाच वापरली. जिनं मला माझी चूक दाखवायची, तिच्यावरून मी ती आणणाऱ्यालाच चोर ठरवलं. हे सगळं लक्षात यायला मला एक कप चहा निवण्याइतका वेळ लागला, आणि मग दाजींचे शब्द आठवले. "मी नाही बदललं रे." त्या 'रे' मध्ये सगळं होतं. मी फक्त दात मोजत बसलो होतो.

व्यापाऱ्यानं बाकीचं भराभर उरकलं. एकंदर नऊ चिठ्ठ्या लागल्या. त्यानं एक रक्कम सांगितली, ती मी ऐकलीसुद्धा नाही, हो म्हटलं. कुठला अल्बम कुठं जाणार, फोडून विकणार की अख्खा, हे विचारायची मी यादी करून ठेवली होती. ती खिशातच राहिली. खोकी भरताना त्यानं जहाज उचलून माझ्यासमोर ठेवलं. "हे असू द्या तुमच्याकडे. याला काही येणार नाही."

तो गेल्यावर खोलीत बघायला काही उरलं नाही. अल्बमची फळी मधोमध चांगली वाकली होती. ते होते तोवर दिसत नव्हतं. मी कुणाला तरी हे सांगावं म्हणून बाहेर आलो. जिन्यात कुणी नव्हतं. समोरच्या बाईंचं दार वाजवायला हात वर केला आणि खाली घेतला. काय सांगणार? त्यांना अजून सर्कशीचंच वाटत असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी केली, धुतलेला शर्ट घातला, कागदाची पट्टी आणि जहाज एका पाकिटात घालून निघालो. दोन बस बदलाव्या लागतात. सबंध वाटभर मी बोलायचं ते मनात लिहीत होतो आणि खोडत होतो. आमच्या धंद्यात पुस्तक छापून झाल्यावर चूक सापडली तर शेवटी शुद्धिपत्र जोडतात. अमुक पान, अमुक ओळ, अशुद्ध हे, शुद्ध ते. ते जोडलं की आमचं काम झालं, मग वाचणाऱ्यानं काय ते बघावं. मी ताईकडे शुद्धिपत्र घेऊन चाललो होतो. ती रडेल असं मला वाटलं होतं. मीही रडेन असं वाटलं होतं. आणि मग ती म्हणेल, आता जेवूनच जा. खरं सांगायचं तर या शेवटच्या वाक्यापर्यंत मी पाच-सहा वेळा पोचलो आणि प्रत्येक वेळी ते न खोडता तसंच ठेवलं.

दार तिनंच उघडलं. शहात्तर वर्षांची झाली आता. पाठ वाकली होती, चष्मा जाड झाला होता. माझ्याकडे बघितलं. मग बाजूला झाली.

"या," ती म्हणाली.

ताईनं मला जन्मात कधी 'या' म्हटलं नव्हतं. 'ये' म्हटलं होतं, 'मर' म्हटलं होतं, 'आलं का ध्यान' म्हटलं होतं. 'या' नाही.

"बसा. पाणी आणते."

पेला तिनं माझ्या बाजूच्या स्टुलावर ठेवला आणि समोरच्या खुर्चीवर बसली, हात मांडीवर ठेवून, मीटर बघायला आलेल्या माणसापुढं बसावं तशी. टेबल तेच होतं. माझी पाटी आता पुसूनही कोरी होणार नाही, असं मला त्या टेबलाकडे बघून वाटलं. मी पाकीट उघडलं आणि सुरुवात केली. झेरॉक्स, वीस मिलिमीटर, पावणेएकवीस, साडेतेरा, चौदा. सगळं क्रमानं सांगितलं. एक शब्द चुकला नाही. पट्टी तिच्यापुढं धरली. तिनं ती घेतली नाही.

"झालं?" ती म्हणाली.

"दाजींनी तिकीट बदललं नव्हतं, ताई. माझी चूक होती. मला माफ कर."

"बदललं नव्हतं ते मला माहीत आहे. मी बेचाळीस वर्षं राहिले त्यांच्याबरोबर. हा कागद कशाला आणलात?"

"पुरावा म्हणून."

"बरं," ती म्हणाली.

बाहेर कुणीतरी सायकल टेकवली, त्याचा आवाज आला. ती त्या आवाजाकडे बघत बोलायला लागली. "शेवटचे दोन महिने अंथरुणावर होते. तेव्हा रोज म्हणायचे, फोन कर त्याला आणि सांग, मी घेतलं होतं. कबूल करतो म्हणावं. निदान तुझा भाऊ तरी येईल. माझ्यामागं तुला कोण आहे?" तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. "मी केला नाही फोन. एवढा खरा माणूस, त्याला चोर म्हणून कसा मरू देऊ? तुमच्यासाठी?"

दाजी तेव्हाही मला बरं वाटावं म्हणून मुद्दाम चुकायला तयार होते, एवढंच डोक्यात घुमत राहिलं. मी मान खाली घालून बसलो. माझे डोळे भरून आले होते आणि ते तिला दिसावेत असंही मला वाटत होतं, इतका मी नीच.

"एक विचारू?" ती म्हणाली. "खरं सांगशील?"

सांगशील. माझा जीव एकदम भांड्यात पडला. तिच्या तोंडून 'तू' ऐकून नऊ वर्षं झाली होती. मी मान वर केली. "सांगेन. विचार ना."

"तुझा हा कागद बरोबर निघाला असता तर? म्हणजे समज, खरंच त्यांनी घेतलं असतं तिकीट, विकलं असतं. तर आज तू इथं आला असतास?"

मी उत्तर शोधलं. देवाशपथ शोधलं. मी एकटा पडलोय, महिनाअखेरीला एका कपाटाच्या खोलीत जातोय, रविवारी दुपारी मला खोलीत बसवत नाही, रस्त्यात कुणाला ताई म्हणून हाक मारलेली ऐकली की मी वळून बघतो, हे सगळं खरं होतं. पण हे काल सकाळीही खरं होतं, परवाही होतं, आणि मी आलो नव्हतो. मी आलो होतो ते पावणेएकवीस मिलिमीटर निघाले म्हणून. खोटं बोलायला एक शब्द पुरला असता. तो मला लिहिता आला नाही.

"नसतो आलो," मी म्हटलं.

ती खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठली, माझ्याजवळ आली आणि स्टुलावरचा पेला उचलून माझ्या हातात दिला.

"पाणी पी," ती म्हणाली, "आणि नीघ आता."

मी पाणी प्यायलो. अगदी थोडं थोडं प्यायलो, कारण ते संपलं की उठावं लागणार होतं. ताई पेला परत घ्यायला हात पुढं करून समोर उभी होती.